दाराला काच हवी

अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमधल्या बालसंरक्षण प्रशिक्षणाचं मूळ शोधत गेलं की आपण एका विमासंस्थेच्या दारात जाऊन पोचतो. धर्मप्रांतांनी मिळून उभारलेल्या ‘नॅशनल कॅथलिक रिस्क रिटेन्शन ग्रुप’ने १९९८मध्ये ‘व्हर्टस’ हा उपक्रम हाती घेतला. लॅटिनमध्ये व्हर्टस म्हणजे नीतिधैर्य. भरपाई मोजत बसण्यापेक्षा गुन्हा टाळलेला परवडतो, हे बिशपांच्या आधी विमेकऱ्यांना उमगावं, याचं मला फारसं नवल वाटत नाही.

सक्ती मात्र आली ती बॉस्टनमुळे. ६ जानेवारी २००२ रोजी ‘बॉस्टन ग्लोब’ने मुलांवर अत्याचार करणाऱ्या जॉन गेगन या धर्मगुरूची हकिगत छापायला सुरुवात केली. तीस वर्षं, सहाएक धर्मग्रामं, आणि पुढे येऊन बोललेली १३०हून अधिक माणसं. तक्रार आली की फादरांची बदली. नव्या गावाला जुन्या गावातलं काही ठाऊक नाही. त्याच वर्षी जून महिन्यात डॅलसला जमलेल्या बिशपांनी एक सनद मंजूर केली. तिच्या बाराव्या कलमाने मुलांबरोबर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण आणि तेराव्याने त्यांच्या पूर्वेतिहासाची तपासणी बंधनकारक केली. डिसेंबरात बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ पायउतार झाले.

व्हर्टसचा वर्ग साधारण तीन तासांचा. चर्चच्या सभागृहात लोखंडी खुर्च्यांवर धर्मगुरू असतात, धर्मशिक्षण देणाऱ्या बाई असतात, गायकवृंदाचे मास्तर असतात, आणि वेदीसेवकांना सहलीला नेणारा एखादा हौशी बापही असतो. दिवे मालवून चित्रफीत लावतात. तिच्यात पीडित बोलतात आणि मुलांवर अत्याचार केलेले पुरुषही बोलतात. मुलाला गाठण्याआधी त्याच्या घरच्यांचा विश्वास कसा कमावला, हे ते सांगतात. भेटवस्तू, गाडीतून फेरफटका, ‘मी बघतो पोराकडे, तुम्ही निवांत जा’. या जाळं विणण्याला इंग्रजीत ग्रूमिंग म्हणतात. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची भीती घालणाऱ्या आपल्या साऱ्या शिकवणुकीला इथे तडा जातो, कारण पडद्यावरचा माणूस तुमच्याआमच्या घरातल्या लाडक्या काकासारखाच बोलत असतो.

मग खुणांची उजळणी होते. मुलांबरोबर एकटं राहायची संधी शोधणारा; आईवडिलांना न सांगता वस्तू देणारा; कुस्ती, गुदगुल्या यांच्या निमित्ताने सतत अंगचटीला जाणारा; घरी मनाई असलेली गोष्ट मुलाला करू देणारा; आणि नियम दुसऱ्यांसाठी असतात असं मानणारा. मला यातली शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची वाटते. यातल्या एकीवरून कोणी गुन्हेगार ठरत नाही, पण तिथे टोकायचं असतं. त्यासाठी मोठ्यांनी मोठ्यांवर लक्ष ठेवायचं, रिकाम्या खोल्यांना कुलूप लावायचं, वापरातल्या खोल्यांच्या दारांना काच बसवायची. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श हा धडा आपण ‘कोमल’सारख्या बोधपटातून मुलांना देतो. तो हवाच, पण त्यात राखणीचं ओझं सात वर्षांच्या पोरावर पडतं. व्हर्टसच्या त्या तीन तासांत ते मोठ्यांच्या खांद्यावर येतं.

आता दुसरी बाजू. जॉन जे कॉलेजच्या २००४च्या अहवालात १९५० ते २००२ या काळातल्या ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप नोंदलेले आहेत. म्हणजे त्या काळात सेवेत असलेल्यांपैकी सुमारे चार टक्के. तक्रारदार १०,६६७. आरोप असलेल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं हलवत राहिले ते बिशप. डॅलसची सनद धर्मगुरू आणि डीकन यांच्यापाशी थांबली. बिशपांनी स्वतःला तिच्यात धरलंच नाही. फुकट राबणाऱ्या धर्मशिक्षिकेच्या बोटांचे ठसे घेतले जात होते, तेव्हा नेब्रास्काचा लिंकन धर्मप्रांत सनदेच्या वार्षिक तपासणीला २०१५पर्यंत नकार देत राहिला. अशाच गुन्ह्यांसाठी माजी कार्डिनल थिओडोर मॅकॅरिक यांचं धर्मगुरुपद फेब्रुवारी २०१९मध्ये गेलं. बिशपांविरुद्धच्या तक्रारींची रीत पोप फ्रान्सिस यांनी आखून दिली ती त्याच वर्षीच्या मेमध्ये. डॅलसच्या सनदेपासून मध्ये सतरा वर्षं गेली.

फेब्रुवारी २०१९मध्येच या प्रश्नावर व्हॅटिकनमध्ये जगभरचे बिशप बोलावले गेले. त्या परिषदेच्या चार संयोजकांत मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस होते. त्यामुळे वसई, वांद्रे, मडगाव इथल्या कॅथलिकांनाही हा विषय परका म्हणून बाजूला सारता येत नाही, इतरांनाही नाहीच. केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. छळणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

आपल्याकडचा २०१२चा पॉक्सो कायदा एका बाबतीत डॅलसच्या सनदेपेक्षा रोखठोक आहे. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. त्या प्रमुखाच्या बोटात बिशपाची अंगठी आहे की नाही, हे कलम विचारत नाही.