ओढ्यांवरील मोऱ्या व चढणीचे मासे

मृगाचा पाऊस नेटाने कोसळला म्हणजे कुरुंद्याच्या शिवारातील कोरडे ओढे एका रात्रीत वाहू लागतात. त्यांचे पाणी आसनेस व आसनेचे गोदावरीस जाते. हे नवे गढूळ पाणी खाली पोहोचताच डोहांतील व तळ्यांतील मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. कोकणात त्यांस चढणीचे मासे म्हणतात. उथळ, तुंबलेल्या जागी अंडी घालावी व पाणी ओसरण्यापूर्वी पिलांसह खाली परतावे, असा त्यांचा वर्षक्रम असतो.

हा क्रम मोडण्यास मोठे धरणच लागते असे नाही. शेतरस्त्यावरची दोन नळांची मोरी त्यास पुरे होते. गतवर्षी आषाढात अशाच एका मोरीपाशी आम्ही घटकाभर उभे होतो. नळाच्या मुखातून पाणी सुमारे हातभर खाली पडत होते. बोटाएवढे मासे त्या धारेवर उड्या घेत व पुन्हा खालच्या खड्ड्यात पडत. बगळे मात्र तेथे रांगेने बसले होते. त्यांस यापरते सोयीचे ताट कोण वाढणार?

असे का होते, ते सांगतो. ओढ्याच्या नैसर्गिक तळात दगडगोटे असतात. माशास त्यांच्या आडोशास क्षणभर विसावून पुढे सरता येते. गुळगुळीत नळात असा आडोसा नसतो. अरुंद तोंडातून पाणी कोंडून वेगाने सुटते व खालच्या अंगाची माती खणून नेते. पुढील काही पावसाळ्यांत तेथे खड्डा होऊन नळाचे तोंड अधांतरी राहते. मरळ व मांगूर हे हवेत श्वास घेणारे मासे ओल्या जमिनीवरून थोडेफार सरकतात. रोहू, मृगळ व बारीक खवल्यांच्या माशांस ती सोय नाही.

मासे न खाणारे बंधू विचारतील की, यात आमचे काय गेले? एका हळद बागायतदाराने आम्हास हेच विचारले. त्याचे उत्तर त्याच्याच वाफ्यात होते. जी मोरी माशास अडविते, तीच पुराचे पाणीही अडविते. काटक्या व पऱ्हाट्या नळाच्या तोंडाशी अडकल्या की वरच्या अंगाचे शेत तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्यात हळदीस कंदकूज लागते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात घरोघरी पाणी शिरले होते. त्या पुरास केवळ मोऱ्याच कारण झाल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु महसूल खात्यातील नोकरीत पुरानंतरचे पंचनामे लिहिताना ‘मोरीच्या वरच्या बाजूचे क्षेत्र’ हे शब्द आमच्या लेखणीखालून वारंवार गेले, एवढे खरे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. १८५४-५५ च्या तहांनी तेथील मूळ रहिवासी जमातींस मासेमारीचा हक्क राखून दिला होता. हमरस्त्यांच्या मोऱ्यांमुळे सामन मासा वर चढेना, तेव्हा २००१ साली २१ जमातींनी दाद मागितली. २०१३ साली मोऱ्या बदलण्याचा हुकूम झाला व २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात समसमान मते पडल्याने तो कायम राहिला. त्या कामी अब्जावधी डॉलर खर्ची पडत आहेत. प्रथमच रुंद मोरी बांधण्यास याच्या अल्पांशाने भागले असते.

तेथील एक ठोकताळा आपल्या उपयोगाचा आहे. काठोकाठ भरून वाहताना ओढ्याची जी रुंदी असेल, तिची सव्वापटीस किंचित कमी, म्हणजे १.२ पट करावी व त्यात २ फूट मिळवावे. १० फुटी ओढ्यास १४ फुटांची मोरी होते. आपल्याकडे सुमारे ६ मीटर, म्हणजे २० फुटांपर्यंतच्या बांधकामास मोरीच म्हणतात. तेव्हा एवढ्यासाठी पुलाचा मोठा प्रस्ताव करावा लागत नाही. नळांऐवजी पेटीची मोरी घालून तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली दाबावा व वर ओढ्यातलेच दगडगोटे पसरावे. अथवा दोन्ही काठांवर भिंती घेऊन स्लॅब टाकावा व तळ मोकळा ठेवावा.

कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे पावसाळ्यापूर्वी काढतात व पावसाळा सरताना पुन्हा बसवितात. पुरास वाट द्यावी हा त्यातील हेतू. माशासही ती वाट आपोआप मिळते. मोरीस काढण्याजोगे दार नसते, म्हणून ती प्रथमच नीट हवी. २०२१ साली निघालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेमुळे गावोगाव नवे रस्ते मंजूर झाले, आणि रस्ता आला की ओढा ओलांडणे आलेच. नळ स्वस्त पडतात हे आम्ही नाकारीत नाही. अंदाजपत्रकात तुंबलेल्या हळदीचा रकाना नसतो, इतकेच.

आमच्या पाणंदीवरील फुटक्या मोरीचे काम लवकरच निघेल असे ऐकतो. तत्पूर्वी दोघा शेजाऱ्यांसह टेप घेऊन ओढ्याची काठोकाठ रुंदी आम्ही तीन ठिकाणी मोजली. ती ९, ११ व १० फूट भरली. जुन्या मोरीचे दोन नळ मिळून ६ फूट होतात. हे आकडे लिहून अर्ज ग्रामपंचायतीत दिला असून त्याची पोच घेतली आहे.