अवताराचा देह कसा घडतो?

कोंकणांतील आमच्या वाचकांस 'अवतार' हा शब्द ऐकतांच दशावतारी खेळ आठवेल. शाळेंतील मुलांस संगणकाच्या पडद्यावर आपल्या वतीनें हिंडणारी बाहुली आठवेल. दोन्ही ठिकाणीं शब्द एकच आहे. 'खालीं उतरणें' या अर्थाचा हा संस्कृत शब्द इंग्रजींत गेला, आणि इ. स. १९८५-८६ च्या सुमारास लुकासफिल्म कंपनीच्या 'हॅबिटॅट' नामक संगणकीय जगांत खेळणाऱ्याच्या बाहुलीस तो देण्यांत आला. पुढें १९९२ सालीं नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीनें तो सर्वतोमुखीं केला. दशावतारांतील नट रंग लावून राजा होतो, परंतु त्यास आपली उंची चार बोटें वाढवितां येत नाहीं. संगणकांतील अवतारास ती वाढवितां येते. ती कशी वाढते, हें आज सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल आम्हीं 'सेकंड लाइफ' हें जग घेतलें आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीनें तें इ. स. २००३ च्या जून महिन्यांत सर्वांस खुलें केलें. तेथें जिंकावयाचें किंवा हरावयाचें कांहीं नसतें. लोक घरें बांधतात, दुकानें मांडतात, गप्पा मारतात. हें जग मुख्यत्वेंकरून प्रौढांचें आहे, तेव्हां विद्यार्थ्यांनीं हा लेख वाचून तिकडे धांव घेऊं नये. परंतु 'रोब्लॉक्स'सारख्या मुलांच्या आवडत्या ठिकाणींही उंची, रुंदी व डोक्याचा आकार बदलण्याची सोय आहे, आणि मूळ तत्त्व तेंच आहे. आम्हांस या जगाची ओळख नाताळच्या सुटींत आमच्या पुतणीनें करून दिली. ती पुण्यास महाविद्यालयांत शिकते.

देहाचा आकार म्हणजे तेथें आंकड्यांची एक यादी होय. प्रत्येक अवयवास एक किंवा अनेक स्लायडर, म्हणजे पट्टीवर सरकणारीं बटणें, असतात. बटण अगदीं डावीकडे नेलें कीं ०, अगदीं उजवीकडे नेलें कीं १००. उंची, जाडी, मेद, कपाळाचा उतार, गालफडें, नाकाचा शेंडा, मानेची लांबी, खांदे, पोट, पावलें, फार काय, गुडघे बाहेर वळलेले असावेत कीं आंत, यासही आंकडा आहे. डोकें अंड्यासारखें निमुळतें करण्याचा एक स्वतंत्र स्लायडर आहे; त्याचा उपयोग कोण करीत असेल देव जाणे! कातडी, केस व डोळे हे या यादींत येत नाहींत. ते वस्त्राप्रमाणें निराळे धारण करावयाचे असतात.

हे आंकडे दोन प्रकारांनीं काम करितात. अवताराच्या आंत हाडांचा सांगाडा असतो, आणि त्यावर लहान लहान त्रिकोणांचें जाळें ताणून बसविलेलें असतें. उंची किंवा हाताची लांबी बदलली म्हणजे हाड लांबतें, व वरील जाळें त्याबरोबर ओढलें जातें. पोट वाढविलें म्हणजे मात्र हाड जागचें हलत नाहीं. जाळ्याचे बिंदुच सरकून पुढें येतात. कुंभार मडकें वर ओढून उंच करितो तें एक, आणि आंतून बोटानें फुगवितो तें दुसरें, असें समजावें. आरंभीं या सांगाड्यांत अवघीं २६ हाडें होतीं. २०१६ सालीं शंभरांहून अधिक नवीं हाडें घालण्यांत आलीं, आणि तेव्हांपासून एकेक बोट, चेहरा, इतकेंच नव्हे तर पंख आणि शेपूटही हलूं लागलीं. त्यापूर्वीं २०११ पासून इतर कारागिरांनीं बाहेर घडविलेलीं शरीरें आणून अंगावर चढवितां येऊं लागलीं होतीं. तीं दिसावयास सुबक. परंतु मूळ जाळें तीं पांघरून टाकीत असल्यामुळें पोटाचा स्लायडर कितीही ओढला तरी वरचें पोट जसेंच्या तसें राही. २०१४ सालीं सांगाड्यांतीलच कांहीं अदृश्य भाग हाडांप्रमाणें वापरण्याची युक्ति निघाली व ही अडचण बरीच दूर झाली.

आम्ही चित्रकला शिकवितों, त्यामुळें आमची दृष्टि प्रथम प्रमाणाकडे गेली. एलिमेंटरीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांस ठाऊक आहे कीं, उभ्या माणसाची उंची साधारणतः साडेसात डोकीं भरते, आणि दोन्ही हात पसरले असतां त्यांचें अंतर जवळजवळ उंचीइतकें असतें. असली मापें आपणांकडे फार जुनीं आहेत. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूर्तीची उंची १०८ अंगुलें व मुख १२ अंगुलें सांगितलें आहे, म्हणजे नऊ मुखें झालीं. नवशिका मनुष्य यांतलें कांहीं पाहत नाहीं. तो उंची १०० कडे ओढतो, पाय लांब करितो, आणि डोकें व हात यांस विसरतो. मग ताडमाड देहावर नारळाएवढें डोकें बसतें, आणि बिचाऱ्याचे हात खिशापर्यंतही पोंचत नाहींत! हात खालीं सोडले असतां बोटांचीं टोकें मांडीच्या मध्यापर्यंत यावींत, एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली तरी निम्मे दोष टळतील.

सात फुटांच्या घरांतील देह तेथें सर्रास आढळतात. पाहणाऱ्याची दृष्टि अवताराच्या पाठीमागें व किंचित् वर असते. तिला भिंती आड येऊं नयेत म्हणून दारें, खोल्या व खुर्च्या मोठ्या बांधण्याची रीत पडली. अशा घरांत साडेपांच फुटांचा प्रामाणिक गृहस्थ शाळकरी मुलासारखा दिसतो.

आतां आमच्या पायाविषयीं. लहानपणीं पोलिओ झाल्यामुळें आमचा डावा पाय उजव्याहून दीड इंच आखूड आहे. विद्यार्थ्यांस हें सांगावयास नको. जिन्यावरचा आमच्या बुटाचा आवाज ऐकूनच वर्ग शांत होतो. पुतणी म्हणाली, "काका, अगदीं तुमच्यासारखा अवतार करूं या." टक्कल झालें, पोट झालें, जाड भिवया झाल्या. पायाशीं येऊन मात्र हात थांबला. पायाच्या लांबीचा स्लायडर एकच; तो दोन्ही पायांस सारखाच लागूं होतो. नाक वांकडें करितां येतें, तोंड एका बाजूस सरकवितां येतें, एक डोळा दुसऱ्याहून मोठा करितां येतो. पायांत उणेंअधिक करितां येत नाहीं. चालण्याच्या हालचालीही सम पायांस धरूनच रचलेल्या असतात.

त्या सायंकाळीं आम्ही समुद्रकांठीं सरळ चाललों. खरें सांगावयाचें तर घटकाभर फार बरें वाटलें. पन्नास वर्षांत आपण कसे चाललों असतों हें पाहण्याचा प्रसंग आला नव्हता.

आपला देह पाहून मनुष्याचें वागणें बदलतें, हें प्रयोगानेंही दिसलें आहे. इ. स. २००७ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निक यी व जेरेमी बेलेन्सन यांनीं कांहीं जणांस सुंदर व कांहींस साधे चेहरे दिले. सुंदर चेहऱ्याचे लोक परक्याच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले व मोकळेपणानें बोलले. दुसऱ्या प्रयोगांत कांहींस उंच व कांहींस बुटके केलें आणि पैसे वांटून घेण्यास सांगितलें. उंचांनीं आपणांकडे अधिक ओढले, बुटक्यांनीं अन्यायाची वांटणीही अधिक वेळां मान्य केली. मौज ही कीं, समोरच्या मनुष्यास हा फरक दिसतच नव्हता. नाना रूपें घेणाऱ्या प्रोटिअस या ग्रीक सागरदेवतेवरून या परिणामास 'प्रोटिअस परिणाम' म्हणतात. पालकांनीं हें लक्षांत घ्यावें. मुलानें बाहुली फार बारीक किंवा फार धिप्पाड केली तर हंसूं नये. हाच आकार कां आवडला, एवढें विचारावें. उत्तरांत पुष्कळदां वर्गांत कोणी ठेविलेलें एखादें टोपणनांव सांपडेल.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें विचारलें, "काका, काठी देऊं का हातांत?" हालचाल ही देहाहून निराळी वस्तु आहे, लंगडण्याची चालही जोडतां येते, काठीही धरतां येते. ती म्हणाली कीं, या जगांतील कांहीं अपंग रहिवासी तेथें चालतात, नाचतात. आणि कांहीं जण आपली चाकांची खुर्ची मुद्दाम तेथेंही ठेवितात, कारण तिच्यावांचून तो आपण नव्हेच असें त्यांस वाटतें. आम्हीं तिला लगेच उत्तर दिलें नाहीं.

एकाहून अधिक देह करून जतन करण्याची तेथें मुभा आहे. आमचे दोन आहेत. एक सरळ चालणारा, व एक काठी घेतलेला. बाजारांत चार माणसांशीं बोलावयाचें असलें म्हणजे आम्ही दुसरा घेतों. समुद्रकांठीं जावयाचें असलें कीं पहिला.