मुळशीच्या ताटात नेमकं काय कमी आहे?

हिंजवडीचं आयटी पार्क आणि ताम्हिणीचा घाट एकाच तालुक्यात येतात, हे पुण्यातल्या अनेकांना सांगूनही खरं वाटत नाही. मुळशी तालुका आहेच तसा ऐसपैस. पूर्वेला काचेच्या इमारती, मग भूगाव-पिरंगुटचे टॉवर, पौड मागे पडलं की भातखाचरं, मग धरण आणि शेवटी कोकणात उतरणारा घाट. टॉवरमधल्या काही घरांनी अलीकडे मटण-मासे सोडलेत, काहींनी दूधसुद्धा. आणि असं ठरवलं रे ठरवलं की आजीपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात: मग प्रोटीनचं काय?

तो हिशेब आधी उरकून टाकू, कारण तो अवघड नाही. आपल्याकडच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या २,००० कॅलरींच्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३५ ग्रॅम दाणे-सुकामेवा धरला आहे, सगळं कच्चं वजन. २५० ग्रॅम तांदळातून २० ग्रॅम प्रथिनं येतात, ८५ ग्रॅम तूरडाळीतून १८-१९ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ८. भाज्या अजून मोजल्याच नाहीत, दूध तर नाहीच, आणि ४६चा आकडा गाठला गेला.

खरी गोम प्रमाणात आहे. प्रथिनं अमायनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यातली काही शरीराला तयार करता येत नाहीत. भातात लायसिन हे आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते भात भरून काढतो. वरणभाताची जोडी पोषणशास्त्राच्या पुस्तकांत गाजली ती यामुळे. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, दिवसभरात पोचले की झालं. पण ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचं पाणी असेल तर? समजा, दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ आणि जेमतेम २५ ग्रॅम डाळ. पोट भरतं, कॅलरी पुरतात, प्रथिनंही ३८ ग्रॅमपर्यंत जातात. लायसिन मात्र दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास अडकतं, आणि ५५ किलोच्या माणसाची गरज १,६५० मिलिग्रॅमची. त्यातलंही सगळं पचत नाही. २५० ग्रॅम तांदूळ आणि ८५ ग्रॅम डाळ घेतली तर तेच लायसिन दोन हजारांवर जातं. म्हणजे तांदूळ कमी करूनही प्रथिनांचा दर्जा वाढतो. तीन-चार हजारांचा पावडरचा डबा आणण्याआधी घरातली वरणाची वाटी मोठी करून बघायला काय हरकत आहे?

मुळशीत भाताचा डोंगर होणं तसं साहजिकच आहे. हा आंबेमोहराचा मुलूख. शेजारच्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी १९८७ मध्ये आला आणि बघता बघता खाचरांत सगळीकडे दिसू लागला. उत्पन्न बरं, वास जवळजवळ तोच. आता तो गिरणीत पांढराफेक करून घेतला जातो आणि कोंड्याबरोबर थायमिन, बरंचसं लोह आणि तंतू निघून जातात. हातसडीचे दिवस परत येणार नाहीत, उखळ-मुसळाचं काम काय असतं ते केलेल्या बाईला विचारावं. गिरणीवाल्याला ‘कमी पॉलिश मार’ एवढं मात्र सांगता येतं.

पण या मुलखात भाताच्या आगेमागे जे पिकतं, ते पोषणाच्या दृष्टीने मला जास्त मोलाचं वाटतं. उतारावर नाचणी आणि वरई. भात काढल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मसूर. त्यातल्या वालाकडे जरा जवळून बघू.

वाल रात्रभर भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे आणि उबेला ठेवायचे. थंडीत मोड यायला दीड दिवससुद्धा लागतो. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सोडवायचा. या डाळिंब्या. एवढा खटाटोप पाहून नवी सून वैतागते, पण यातली प्रत्येक पायरी रसायनशास्त्राला धरून आहे. कडधान्यात फॉस्फरसचा साठा फायटिक आम्लाच्या रूपात असतो. हे आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं आणि आतड्यात सोडत नाही. बी रुजायला लागलं की त्यातलं फायटेज हे विकर जागं होतं आणि ते आम्ल तोडायला लागतं, बीला स्वतःच्या कोंबासाठी फॉस्फरस हवा असतो म्हणून. सालात टॅनिन असतं, तेही लोहाच्या वाटेत येतं. ते सोलण्याबरोबर गेलं. ट्रिप्सिन नावाच्या आपल्या पाचक विकराला अडवणारे घटक वालात असतात, ते शिजवल्यावर निकामी होतात. वर आमसूल किंवा लिंबू पडलं की आंबटपणामुळे उरलेलं लोह विरघळलेल्या रूपात राहायला मदत होते. कडू वाल खाऊन पोट फुगतं अशी तक्रार करणाऱ्यांनी यातली कुठली पायरी गाळली, ते आधी तपासावं. प्रेशर कुकर भिजवण्याचं काम करत नाही.

नाचणीचंही तसंच. १०० ग्रॅम नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या आसपास. नाचणीतलं सगळं शोषलं जात नाही हे खरं, तरी दोन भाकऱ्यांत मिळणारा वाटा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दूध सोडलेल्या घरांनी बदामाच्या दुधाआधी तिच्याकडे बघावं. पालक आणि अळूवर मात्र कॅल्शियमसाठी भिस्त ठेवू नये. त्यातलं ऑक्झलेट ते जखडून ठेवतं. शेवग्याचा पाला त्या मानाने बरा.

लहान मुलांच्या बाबतीत नाचणीचा एक गुण तर चकित करणारा आहे. वनस्पतिज आहारात मुलांची अडचण प्रथिनांपेक्षा आकारमानाची असते. पोट छोटं, पेज-खिमट फुगून भांडंभर होतं, आणि पुरेशा कॅलरी जाण्याआधीच मूल तोंड फिरवतं. दाट करावं तर ते गिळता येत नाही, पातळ करावं तर नुसतं पाणी. मोड आलेल्या नाचणीत अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. दाट पेज चुलीवरून उतरवून जराशी निवू द्यावी आणि त्यात मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ ढवळावं. काही मिनिटांत ती डोळ्यांदेखत सैल होते, पाण्याचा एक थेंबही न घालता. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त धान्य मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर पद्धतशीर काम केलं. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व घरोघर होतंच. फक्त मोड वाळवल्यावर ते खरपूस भाजू नयेत, हलके शेकावेत. जास्त उष्णतेने विकर मरतं. वर चमचाभर तेल किंवा दाण्याचं कूट घातलं की कॅलरींचा प्रश्न बराचसा मिटतो.

पालेभाजीचं महत्त्व सांगायला मात्र परगावच्या संशोधनाची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. पुण्याजवळची ६ गावं निवडली होती. ती मुळशीची नव्हेत, पण जिल्हा तोच आणि ताटही फार वेगळं नाही. या गावांतल्या सुमारे ८०० गरोदर बायकांचा आहार बारकाईने नोंदवला गेला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. आहाराचं विश्लेषण आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. एकूण कॅलरी आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसेना. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. जी बाई सातव्या महिन्यात वारंवार पालेभाजी खात होती, तिचं बाळ मोठं होतं.

यावरून पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सारस’ प्रकल्प झाला. तिथे बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. सरसकट सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅमचा फरक दिसला. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३वर आलं. चवळी, मेथी, शेपू यांतून एवढं साधत असेल तर पावसाळ्यात डोंगरातून फुकट येणाऱ्या टाकळा, कुर्डू, भारंगी, कुळूच्या भाजीला ‘गरिबाची भाजी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना काय म्हणावं? पुण्याहून वीकेंडला जाणारी माणसं हल्ली तीच जुडी हौसेने घेतात, तेवढीच समाधानाची गोष्ट. ओळख पटल्याशिवाय रानातलं काही तोडू नये हे ओघाने आलंच.

जेवणाबरोबरचा चहा मात्र सोडायला हवा. भाजीतलं, डाळीतलं लोह शोषायला मुळातच अवघड. चहातली टॅनिनं ते निम्म्याहून खाली आणू शकतात. तास-दीड तास थांबलं तरी पुष्कळ. जवसाची चटणी ओमेगा-३साठी, आणि मीठ आयोडीनवालंच. गुलाबी सैंधवाच्या फॅशनमध्ये शहरातली बरीच घरं आयोडीन गमावून बसली आहेत.

इथवर मुळशीचं ताट पहिल्या नंबराने पास. आता नापासाचा विषय: बी-१२.

हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. ते फक्त जीवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जीवाणू चाऱ्यातला कोबाल्ट वापरून ते तयार करतात आणि मग ते दुधात, मांसात उतरतं. मोड, आंबील, इडली, ताक न घातलेलं कोणतंही आंबवण यातून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनामध्ये असतं ते बहुतांशी त्याच्यासारखं दिसणारं, शरीराला न चालणारं रेणूचं रूप. याज्ञिकांच्या गटाने पुण्यातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. यात खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरी मध्यमवर्गीय होते. सर्वांत वाईट आकडा मध्यमवर्गाचा: ८१ टक्के. सहा गावांतल्या गरोदर बायकांतही ६० टक्क्यांहून अधिक जणींत ते कमी होतं. २००८ मध्ये आलेला निष्कर्ष तर आणखी विचार करायला लावणारा. ज्या मातांचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. पालेभाजी आणि सरकारी गोळी फोलेट देतात, बी-१२ देत नाहीत. जोडीतलं एकच पोचलं.

जुन्या मुळशीने हे कसं निभावलं? प्रामाणिक उत्तर असं की जुनी मुळशी शाकाहारी नव्हतीच. पहिल्या पावसात चढणीचे मासे, खाचरातले खेकडे, उन्हाळ्यात सुकट. प्रमाण थोडं, पण बी-१२ची गरजही दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम एवढीच, आणि यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं टिकतो. ‘आमचे पूर्वज शुद्ध शाकाहारावर धडधाकट होते’ असं सांगणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या खेकड्यांची आठवण ठेवावी.

दूध घेणाऱ्या घरात ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून गरजेचा निम्मा किंवा थोडा अधिक वाटा येतो. चहातलं चमचाभर दूध त्यात धरू नये. दूधही सोडलं असेल तर गोळी हवीच, यात श्रद्धेचा किंवा निसर्गाचा प्रश्न नाही. गोळीवर ५०० किंवा १,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं पाहून घाबरायलाही नको. जठरातून स्रवणाऱ्या एका प्रथिनाच्या आधारे एका वेळी फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषले जातात. त्यापलीकडच्या मात्रेतला शेकडा एखादा भाग तेवढा आपोआप झिरपतो, म्हणून डोस मोठा ठेवतात. तो किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

कुटुंबात सर्वांत आधी बघायचं ते अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईकडे. तिच्यात बी-१२ नसेल तर दुधातही नसतं. असं बाळ आठ-दहा महिन्यांचं होता होता हसणं, बसणं विसरायला लागतं, हातपाय थरथरतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. त्यानंतर आजी-आजोबा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२चं शोषण कमी होतं, मग ताटात दूध असो की मासे. तळपायांना मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्याच खात्यावर टाकल्या जातात. नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबून चालत नाही, कारण फोलेट भरपूर असलं की रक्त ठीकठाक दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. तपासणीच्या चिठ्ठीवर बी-१२ वेगळं लिहून घ्यावं लागतं.