मैदान झालें, पुढें काय?

२०२० सालच्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा प्रांतांत बर्फावरील हॉकीची गोष्ट काढणाऱ्यास लोक वेड्यांत काढतील. तथापि त्या खेळाच्या रिंगणांची हकीकत आपल्या मैदानांच्या प्रश्नावर बराच प्रकाश टाकते, म्हणून ती प्रथम सांगतों.

सिमला येथें १९२० पासून नैसर्गिक बर्फावर घसरण्याचा खेळ चालत आला आहे. रात्रीं जमिनीवर पाणी पसरावयाचें, थंडीनें तें गोठलें म्हणजे सकाळीं खेळावयाचें. आकाश ढगाळलें कीं खेळ बंद. लडाखांतील मुलेंही गोठलेल्या तळ्यांवरच हॉकी शिकत आलीं. आतां लेह येथें यंत्रानें बर्फ गोठविणारें रिंगण झालें असून, २०२४ च्या फेब्रुवारींत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेंतील हॉकी तेथें खेळली गेली. यंत्र आलें म्हणजे ढगांची काळजी मिटते. परंतु विजेचें बिल, यंत्राची दुरुस्ती आणि देखरेखीचा माणूस, अशा तीन नव्या काळज्या तिच्या जागीं येऊन बसतात.

आपल्या परिचयाच्या हॉकीचीही गोष्ट निराळी नाहीं. १९७६ सालीं माँट्रियल येथें ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि १९२८ नंतर प्रथमच भारतीय संघ पदकावांचून परतला. तेव्हांपासून ज्याला वरच्या दर्जाचें हॉकी खेळावयाचें, त्याला तशा मैदानावर सराव करणें भाग पडलें. उच्च दर्जाच्या सामन्यांसाठीं ही हिरवळ पाणी मारून ओली ठेवावी लागे. ज्या वऱ्हाडांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते, तेथें असें मैदान मागण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब मांडावयास नको काय?

साधें मैदानही आपल्या काळ्या जमिनींत सोपें नाहीं. ही माती पावसाळ्यांत फुगते व चिकट होते, उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. पळणाऱ्या मुलाचा पाय त्या भेगेंत अडकला तर घोटा जायबंदी होण्यास क्षणही पुरे. म्हणून वरची माती काढून खाली खडी, तीवर मुरूम घालावा, रूळ फिरवावा, पाणी जाण्यास उतार व चर ठेवावेत. हें काम एकदां करून भागत नाहीं. प्रत्येक पावसाळ्यानंतर डागडुजी करावीच लागते.

खरी अडचण येथेंच आहे. १९९३ पासून चालू असलेला खासदारांचा स्थानिक विकास निधी टिकाऊ सार्वजनिक कामांसाठीं आहे; माळ्याचा पगार त्यांतून निघत नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर जें सामाजिक दायित्व घातलें, त्यांत खेळाच्या प्रशिक्षणास स्थान आहे. परंतु कंपनीचें साह्य दरवर्षीं येईलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. कोनशिलेवर नांव कोरण्यास दाता मिळतो. मुरुमाच्या गाडीवर नांव कोरतां येत नाहीं, म्हणून तिला दाता मिळत नाहीं.

यावर उपाय दूर शोधावयास नको. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनीं एका आखाड्यानें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आरंभ केला. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं याच मंडळाच्या पथकानें कबड्डीसारख्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, आणि आज तेथें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय आहे. संस्था शंभर वर्षे टिकते ती उद्घाटनाच्या समारंभानें नव्हे, तर रोज पहाटे आखाडा उकरणाऱ्या हातांमुळें.

मोहल्ल्यांतील दोनशें घरांनीं महिन्याला शंभर रुपये दिले, तर वर्षाचे २,४०,००० रुपये होतात. त्यांतील चौथा हिस्सा मोठ्या दुरुस्तीसाठीं गंगाजळी म्हणून बाजूस ठेवावा, उरलेला माळी, मुरूम व दिव्यांवर खर्चावा. जमाखर्च दर तिमाहीस मैदानाच्या दारावर लावावा. पैसा कोठें गेला हें दिसलें म्हणजे वर्गणी मागावी लागत नाहीं. ज्यांना देणें झेपत नाहीं, त्यांच्या मुलांना वर्गणीवांचूनच खेळूं द्यावें, आणि मुलींच्या खेळाची वेळ वेळापत्रकांत प्रथम लिहावी. शेवटीं लिहिलेली वेळ नेहमीं प्रथम कापली जाते.

एकत्र कुटुंबांत घराचें छप्पर कोणा एकाचें नसतें. तें गळूं लागलें कीं पावसापूर्वीं सारे मिळून तें शाकारतात. गांवाचें मैदान हें मुलांचें तसेंच सामाईक छप्पर आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या घराजवळच्या मैदानावर एकदां फेरी मारून यावें आणि चर बुजले आहेत कीं काय एवढेंच पाहावें, इतकी आमची वाचकांस विनंति आहे. पुढचें काम तें पाहिल्यावर आपोआप सुचेल.