कुर्ता उलटा करून पाहा

ईद जवळ आली की दुकानांत लखनवी कुर्ते टांगले जातात. त्यांतले बरेचसे यंत्रावर भरलेले. हातचे चिकनकाम ओळखायचे असेल तर कुर्ता उलटा करावा. मागे कुठे गाठ, कुठे धाग्याचे टोक, टाके थोडे मागेपुढे. माणसाचा हात तिथे दिसतो.

लाकडी ठसा निळीत बुडवून कापडावर नक्षी उमटवतात. त्या रेघांवरून बाया सुई चालवतात. शेवटी कापड धुतले की नीळ जाते, टाके राहतात. टाक्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. ‘मुर्री’ म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा उंचवटा, ‘फंदा’ त्याहून बारीक आणि गोल, बाजरीच्या दाण्यासारखा. ‘बखिया’ उलट्या बाजूने भरतात, सुलट बाजूला त्याची नुसती सावली उतरते. ‘जाळी’त तर एकही धागा कापत नाहीत, सुईच्या टोकाने उभेआडवे धागे सारून भोके पाडतात.

मन शांत राहावे म्हणून भरतकाम करा, असे हल्ली सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. मुर्री भरताना नजर सुईवरून हलत नाही, हाताला लय सापडते, श्वासही संथ होतो. (मोबाइल हातात धरता येत नाही, हा वरचा नफा!) तस्बीह असो की जपमाळ, दाण्यामागून दाण्याची ही लय आपल्या ओळखीची आहे. आणि चुकलेला टाका उसवताना आपण धागा ओढून तोडतो की सावकाश सोडवतो, यावरून स्वतःचा स्वभाव चांगलाच कळतो.

पण ही शांतता मिळते ती वेळ आपल्या मालकीची असेल तेव्हा. लखनौ आणि आसपासच्या गावांतल्या बाया नगावर काम करतात. ठसा एकाकडे, भराई दुसरीकडे, धुलाई तिसऱ्याकडे आणि मधे दलाल. बारीक टाक्यांत वर्षे गेली की डोळे आणि मान बोलू लागतात. दलालाला वगळून या बायांना रास्त मजुरी मिळावी म्हणून १९८४ साली रुना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा लखनौ’ उभी केली. २००८ मध्ये चिकनकारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी यंत्राचा माल त्याच नावाने खपतोच.

स्वतः करून पाहायचे असेल तर ‘टेपची’ने सुरुवात करा. आपल्या गोधडीतला धावदोरा तो हाच. जुन्या रुमालाचा एक कोपरा आणि असर ते मगरिबमधला अर्धा तास पुरे. रोजा नसलेल्यांनी दुपारच्या चहानंतर बसावे.