विश्लेषण: लाकडी टगबोटीला गंज कसा चढतो? मॉडेल बनवण्याच्या छंदातले गणित

मुंबई बंदरात एखादे मोठे जहाज धक्क्याला लागत असले, की त्याच्या कडेला एक-दोन बुटक्या, रुंद बोटी चिकटलेल्या दिसतात. त्यांच्या अंगावर टायर लटकत असतात. या टगबोटी. जहाज ओढणे आणि ढकलणे हेच त्यांचे काम. लाकडी मॉडेलच्या छंदात शिडांच्या युद्धनौकांचा थाट मोठा असला, तरी या कामकरी बोटीचे चाहते वेगळेच. टगबोटीवर शोभेचे जवळपास काहीच नसते. प्रत्येक खुंटा, कमान आणि साखळी कशासाठी तरी असते. ते ‘कशासाठी’ न कळता मॉडेल सजवले, तर महिन्यांची मेहनत खेळण्यासारखी दिसू लागते.

आधी प्रमाण ठरवा

उदाहरण ‘हर्क्युलिस’चे घेता येईल. ही वाफेवरची टगबोट १९०७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेन येथे बांधली गेली. आपल्याच जोडीची ‘गोलाया’ ही बोट मागे बांधून ती मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. आज ती तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या संग्रहात आहे. तिची लांबी सुमारे ४६ मीटर. १:५० प्रमाणात मॉडेल ९२ सेंटिमीटरचे होते. त्यावरचा खलाशी ३४ मिलिमीटरचा, तर ३५ मिलिमीटर जाडीच्या कठड्याच्या पाइपसाठी लागते ०.७ मिलिमीटरची तार.

खरी गंमत रंगात आहे. ब्रशने दिलेला ०.१ मिलिमीटरचा थर त्या प्रमाणात खऱ्या बोटीवर ५ मिलिमीटरचा ठरतो, म्हणजे जवळपास गिलावाच. म्हणून एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे.

मॉडेल पाण्यात सोडायचे असेल तर वजनाचे गणित आणखी निराळे. लांबी ५० पट कमी होते, पण वजन ५० च्या घनाने, म्हणजे १ लाख २५ हजार पटींनी घटते. ५०० टनांच्या बोटीचे मॉडेल ४ किलोचे हवे. लाकडाचे तेवढे वजन भरत नसेल, तर तळाशी शिसे ठेवावे लागते. वेग मात्र ५० च्या वर्गमुळाने, म्हणजे सातेक पटींनीच कमी होतो. ताशी २२ किलोमीटरने जाणारी टगबोट तळ्यात ताशी ३ किलोमीटरने चालली पाहिजे. माणूस चालतो त्याहून हळू. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंता विल्यम फ्रूड यांनी हौदातल्या मॉडेलवरून हा नियम मांडला. अनेक हौशी मंडळी तो विसरून टगबोट स्पीडबोटीसारखी पळवतात.

पट्ट्या निमुळत्या का करायच्या?

प्लायवूडच्या कण्यावर आडव्या बरगड्या बसवून सांगाडा उभा राहतो. त्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवतात. टगबोटीचे पुढचे टोक बोथट आणि मागची बाजू गोल असते, त्यामुळे लांबट जहाजापेक्षा हे काम अवघड. मधल्या बरगडीचा घेर १२० मिलिमीटर असेल, तर ५ मिलिमीटरच्या २४ पट्ट्या बसतात. पुढे तोच घेर ८४ मिलिमीटर उरला, तर प्रत्येक पट्टी तिथे साडेतीन मिलिमीटरपर्यंत तासावी लागते. ते न करता दामटले, की पट्ट्या एकमेकींवर चढतात.

गरम पाण्यात भिजवलेली पट्टी सहज वाकते. जागेवर धरायला कपड्यांचे चिमटेही चालतात. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे असा क्रम मात्र मोडायचा नाही. एकच बाजू आधी पूर्ण केली तर कणा वाकडा होतो आणि डिंक वाळल्यावर तो सरळ करणे जवळजवळ अशक्य.

‘हर्क्युलिस’चा सांगाडा आणि तळ पोलादी. म्हणजे एवढ्या निगुतीने बसवलेले लाकूड शेवटी लपवायचे! सीलर, लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पॉलिश पेपर. रेषा दिसेनाशा होईपर्यंत. मग पातळ कागदाचे पत्रे, आणि मागून बोथट सुईने टोचून उठवलेले रिव्हेट.

हूक अगदी मागे का नसतो?

नवशिक्यांची ठरलेली चूक इथे होते. दोर मागून ओढायचा, म्हणून हूक शेवटच्या टोकाला लावला जातो. जुन्या टगबोटींवर तो मध्याच्या थोडा मागे असतो. दोर टोकाला बांधला तर ओढल्या जाणाऱ्या जहाजाचे वजन टगबोटीची मागची बाजू धरून ठेवते आणि सुकाणू फिरवूनही ती वळत नाही. मध्याजवळ बांधला तर दोराभोवती वळता येते.

या सोयीची किंमतही आहे. दोर आडवा ताणला गेला तर टगबोट कलंडून काही क्षणांत उलटू शकते. दर्यावर्दी याला ‘गर्टिंग’ म्हणतात. डिसेंबर २००७ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत, दाट धुक्यात जहाज ओढताना ‘फ्लाइंग फँटम’ ही टगबोट उलटली. चौघांपैकी तिघे खलाशी दगावले. म्हणून हुकाला झटक्यात दोर सोडणारी कळ असते. मॉडेलवर ती तांब्याच्या तारेचा चार मिलिमीटरचा तुकडा असते आणि बहुतेक जण ती गाळतात.

मागच्या डेकवरच्या आडव्या कमानीही अशाच. दोर त्यांवरून सरकावा, डेकवरच्या वस्तूंत वा माणसांत अडकू नये, यासाठी त्या असतात. त्यामुळे कमानीखाली दोराच्या वाटेत काही चिकटवणे चूकच. दोरासाठी सुती धागा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याचे तंतू बसतात.

आणि गंज?

इथे हात आखडता हवा. गंज पाणी साचते तिथे धरतो आणि पाणी वाहते त्या दिशेने उतरतो: नांगराच्या भोकाखाली, डेकचे पाणी जाते त्या खाचांखाली, रंग खरवडलेल्या कडांवर. धुराड्याच्या बाजूला काजळी येते. दोर घासतो तिथे धातू चकाकतो, तिथे गंज टिकत नाही. पातळ केलेला तपकिरी रंग बारीक ब्रशने वरून खाली एकदाच ओढायचा आणि थांबायचे. हे काम दिवसा, खिडकीपाशी करावे. रात्री पिवळ्या दिव्याखाली बेताचा वाटलेला गंज सकाळी भडक नारिंगी निघतो आणि मग पुन्हा प्रायमरपासून सुरुवात.