साधने आली, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काय?

शाळेत नवी साधने आणण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत संगणक आले. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ कार्यक्रमाने तर सुमारे ४२ लाख शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा संकल्प सोडला.

यंत्राची किंमत अंदाजपत्रकात दिसते. ते केव्हा वापरावे आणि केव्हा बाजूला ठेवावे, हे शिकण्यास लागणारा शिक्षकाचा वेळ मात्र सहसा कोणत्याच रकान्यात बसत नाही. चक्रवाढ व्याजाचा आलेख पडद्यावर चटकन उमगतो. पाढे मात्र तोंडीच घोटून घ्यावे लागतात. हा विवेक सभागृहातील व्याख्यान ऐकून येत नाही. तेथे प्रमाणपत्र मिळते. हातोटी स्वतःच्या वर्गात करून पाहिल्याने आणि सहकाऱ्यांशी चर्चा केल्यानेच येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे, तीही त्याच्या आवडीनुसार. यांतील निम्मे तास तरी त्याच्याच वर्गातील प्रयोगांना द्यावेत आणि तेवढ्यापुरते त्याला अशैक्षणिक कामांतून मोकळे करावे. फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे दुर्लक्ष करून केवळ फळाच बदलत राहिल्यास सारा खर्च वाया जावयाचा.